साडेतीन फुटांत बसेल असा पियानो

"नातवासाठी बघताय की नातीसाठी?"

वाद्यांच्या दुकानातल्या विक्रेत्याने हे इतक्या लाघवीपणे विचारलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तिसरं दुकान. पहिल्यात ‘मुलांसाठी का?’ असं विचारलं होतं, दुसऱ्यात ‘कुणाला भेट द्यायचाय?’ असं, आणि आता हे. बाईंना नातू नव्हता, नात नव्हती, आणि असती तरी तिच्यासाठी उन्हातून तीन दुकानं पालथी घालायला त्या निघाल्या नव्हत्या.

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

"हो का? छान छान!" विक्रेता म्हणाला. लहान मुलाने चित्र काढून दाखवलं की म्हणतात ना, तसलं ‘छान छान’. "मग हा बघा. पाचशे आवाज आहेत यात. पट्ट्यांवर दिवे लागतात. जिथे दिवा लागेल तिथे बोट ठेवायचं, झालं गाणं! बासरी आहे, ढोल आहे, आणि हे दाबलं की कुत्रा भुंकतो."

त्याने दाबलं. कुत्रा भुंकला.

"मला कुत्रा नकोय," बाई म्हणाल्या. "पियानो हवाय."

ही बाई कोण, हे आता मलाच सांगायला हवं, कारण त्या पठ्ठ्याने काही विचारलं नाही. बाई कोर्टात टायपिस्ट होत्या. लोखंडी यंत्रावर सुरुवात केली, मग विजेचं यंत्र आलं, मग संगणक. यंत्रं बदलली, बाईंचा हात बदलला नाही. संगणकाच्या कळाही त्या अशा काही ठोकत की वर्षभरात त्यांवरची अक्षरं पुसून जात आणि साहेब कपाळाला हात लावत. कचेरीत त्यांचं नावच पडलं होतं खटखटबाई. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. बोटाखाली वजन असावं, दाबलेलं कळावं, सुटलेलं कळावं, हे त्यांना आवडायचं.

आवडायचं नाही ते वेगळंच होतं. आयुष्यभर त्यांच्या बोटांतून दुसऱ्यांची भांडणं गेली. साक्षी, उलटतपासण्या, निकाल, भावाभावांच्या वाटण्या, नवराबायकोचे काडीमोड. खाली सह्या दुसऱ्यांच्या. बाईंचं म्हणून त्या कागदावर काय असायचं, तर तळाशी डाव्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं, टाइप कुणी केलं ते कळण्यापुरती. आणि तीसुद्धा चूक निघाली तर कुणाच्या गळ्यात घालायची, एवढ्याचसाठी.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्या बाजारातून परत येत होत्या. वाटेवरच्या एका तळमजल्याच्या खिडकीतून पियानोचा आवाज येत होता आणि आत एक शिक्षिका एका पोराला ओरडत होती, "बोट उचल! पुरतं उचल आणि मग मार!" बाई जागच्या जागी थांबल्या. तरुणपणी टायपिंगच्या क्लासात अगदी हीच बोलणी खाल्ली होती त्यांनी. भाजीची पिशवी पायाशी ठेवून त्या धडा संपेपर्यंत खिडकीबाहेर उभ्या राहिल्या, आणि मग दार वाजवून आत गेल्या.

त्या क्लासात बाकी सगळी चिल्लीपिल्ली. पाय जमिनीला टेकणाऱ्या एकट्या बाईच. पोरं त्यांना आधी हसली, मग ‘आजी’ म्हणायला लागली, मग बाईंनी डोळे वटारल्यावर गप्प बसली. टीचर मात्र बाईंवर खूश होत्या. अडचण एकच होती. बाईंकडे घरी वाद्य नव्हतं, म्हणून त्या सराव करायच्या जेवणाच्या टेबलावर. लाकडावर बोटं धावत, आवाज मनातल्या मनात.

"टेबलावर वाजवून टेबलच येईल वाजवायला," टीचर शेवटी म्हणाल्या. "सुट्टीनंतर नवं पुस्तक सुरू करतेय. तोवर घरी वाद्य आणा. महागडं नको. साधा डिजिटल पियानो चालेल, पण पट्ट्या पूर्ण अठ्ठ्याऐंशी, खऱ्या पियानोसारख्या वजनदार, आणि पायाखालचं पेडल धड, घसरणारं नको. बाकी दिवेबिवे काही बघू नका. आणि नाही जमलं तर स्पष्ट सांगा. तुमच्या वेळेला दुसरं कुणी थांबलंय."

म्हणजे पियानो आला नाही तर क्लास गेला.

तर आता त्या तिसऱ्या दुकानात. कुत्र्याला मागे टाकून त्या पार कोपऱ्यात गेल्या. तिथे एक काळा, बिनबटणांचा, अगदी रुक्ष दिसणारा पियानो भिंतीला लावून ठेवला होता. बाई त्याच्यापुढे बसल्या आणि चौथ्या बोटाने एक पट्टी हळूहळू दाबू लागल्या. मग तीच पट्टी भराभर, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, तो चालू नाहीये. वायर लावतो."

"नको. बंदच राहू द्या."

"पण आवाज कसा कळणार?"

"आवाज नंतर. आधी बोटाला काय वाटतं ते बघू द्या."

विक्रेत्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून डोळे मिचकावले. ते बाईंनी कपाटाच्या काचेत पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. डावीकडच्या पट्ट्या जड होत्या, उजवीकडे जावं तशा हलक्या होत होत्या. दाबलेली पट्टी वेळेवर वर येत होती, पुढच्या बोटाच्या आड येत नव्हती. मग वायर लावायला सांगितली. आवाजही साधा, सरळ होता. किंमत त्यांनी बाजूला ठेवलेल्या पैशांत बसणारी होती. बाई तासभर बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "हाच. शनिवारी येऊन नेते. कुणाला देऊ नका."

"हेडफोन पण घ्या मॅडम," विक्रेता म्हणाला. "म्हणजे घरच्यांना त्रास नाही."

घरी बाईंनी दुकान, पियानो, किंमत सगळं सांगितलं, आणि हीच टेप पुन्हा वाजली. "टॅबवर फुकटात मिळतो ना पियानो, आई," चिरंजीव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. चिरंजीवांचं वय पस्तिशीच्या पुढे. "काचेवर दाबायचं?" बाईंनी विचारलं. "बरं, आणच. पण हेडफोन लावून वाजव हं." बाईंच्या डोक्यात सणक गेली. याच घरात चिरंजीवांचे क्रिकेटचे सामने आरडाओरड्यासकट ऐकले होते. यजमानांची करवत सुट्टीच्या दिवशी गॅलरीत चालायची ती ऐकली होती. मिक्सर, पंप, शेजाऱ्यांची फोनवरची भांडणं, सगळं ऐकलं होतं. या घरात कुणी कधी कुणाला हेडफोन लावायला सांगितलं नव्हतं. आवाज बाईंचा निघणार म्हटल्यावर बरी आठवण झाली सगळ्यांना!

यजमान सुतार होते, म्हणजे अजूनही आहेत. बोलणं कमी, मापं जास्त. कानामागे पेन्सिल आणि खिशात टेप घेऊनच त्यांचा जन्म झाला असावा. त्यांच्या कारखान्यातल्या खुर्चीचं गावभर नाव होतं, कारण गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याच्या गुडघ्याचं, पाठीचं, कोपराचं माप घेतल्याशिवाय ते खुर्चीला लाकूड लावायचेच नाहीत. "खुर्ची माणसाची असते, खोलीची नाही," असं ते तयार खुर्ची मागायला येणाऱ्याला सुनावत आणि प्रसंगी गिऱ्हाईक परत पाठवत.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "ठेवणार कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या जागेला टेप लावली. "साडेतीन फूट," ते पुटपुटले. बाईंना बरंच वाटलं. म्हटलं, चला, निदान विरोध तर नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाई बाजारातून घरी आल्या तर दारातच सूनबाईंनी त्यांचे डोळे झाकले. "आई, थांबा. एक गंमत आहे." हात काढले तेव्हा कपाट आणि खिडकीच्या मधोमध एक नवाकोरा लाकडी स्टँड होता. कडा गोल घासलेल्या, पॉलिश असं की तोंड दिसावं. दोन्ही बाजूंना कागद सरकणार नाही इतका चपखल बसलेला. आणि त्या स्टँडवर, लाल फीत बांधून, तो कुत्रा भुंकणारा कीबोर्ड.

"एक इंच इकडे नाही की तिकडे नाही," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या.

बाई बसल्या. एक पट्टी दाबली. पट्टी बोटाखालून अशी सटकली की बोट थेट तळाला आपटलं. दुसरी दाबली, दिवा लागला. डावीकडे हात नेला तर तिथे पट्ट्या संपल्या होत्या, कपाटच लागलं. एकूण एकसष्ट. अठ्ठ्याऐंशी मावणार कुठून त्या फटीत?

"मी काळा पसंत केला होता," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्यांना ओळखणाऱ्या सूनबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"हो, दुकानवाला म्हणाला तसं," यजमान म्हणाले. "पण तो साडेचार फुटांना टेकतो. इथे कसा बसणार? मी जागा सांगितली, त्याने हा दिला. आणि बघ ना, यात कितीतरी जास्त आहे. पाचशे आवाज..."

"अहो, तुम्ही माप कशाचं घेतलंत?"

"जागेचं."

"भिंतीचं घेतलंत. कपाटाचं घेतलंत. खिडकीचं घेतलंत. वाजवणार कोण, हे विचारलंत का एकदा तरी? परक्या गिऱ्हाइकाची खुर्ची करताना त्याच्या गुडघ्यापाशी बसता तुम्ही! आणि घरच्या बाईला फटीत बसवता?"

यजमानांचा चेहरा उतरला. ते स्टँडच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. बाईंना त्यांची कीव आली, हे खरं आहे. माणसाने आठवडाभर जागून हाताने केलेली वस्तू होती ती. पण कीव आली म्हणून पट्ट्यांना वजन येत नाही, आणि सुट्टी संपत आली होती.

शनिवारी सकाळी सूनबाईंच्या गाडीत तो खोका घालून दोघी दुकानात गेल्या. विक्रेत्याने खोका ओळखला, आणि बाईंनाही ओळखलं.

"विकलेला माल परत घेत नाही, मॅडम." बोटाने त्याने भिंतीवरची पाटी दाखवली.

"मी इथे तासभर बसून एक पियानो निवडला होता. राखून ठेवा म्हटलं होतं. आठवतं?"

"आठवतं ना."

"मग दुसरा का दिलात?"

"साहेब आले होते, मॅडम. ते म्हणाले जागेत बसेल असा द्या. आम्हाला वाटलं, घरच्यांचं ठरलं असेल."

बाईंनी एकदा सूनबाईंकडे पाहिलं, एकदा त्या विक्रेत्याकडे. "घरच्यांचं?" त्या म्हणाल्या. "आणि मी कोण? बाहेरची?"

विक्रेता हसला. नसता हसला तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. "मॅडम, उगाच रागावू नका. नातवंडं आली घरी की हाच आवडेल बघा."

बाई वळल्या, कोपऱ्यातल्या काळ्या पियानोपाशी गेल्या, स्वतः वायर लावली, आवाजाचं बटण पार टोकाला फिरवलं आणि ठाण मांडून बसल्या. मग वाजवायला सुरुवात केली.

इथे कुणी असं समजू नये की बाईंच्या बोटांतून स्वर्गीय संगीत पाझरलं आणि दुकान स्तब्ध झालं. बाईंना एकच धून येत होती, तीही मुलांच्या पहिल्या पुस्तकातली. पाच सूर चढायचे, पाच उतरायचे, आणि दुसऱ्या ओळीत एका जागी चौथं बोट हमखास घसरायचं. घसरलं की टीचरच्या शिस्तीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून. बाई वाजवत होत्या, घसरत होत्या, पुन्हा पहिल्यापासून धरत होत्या. शनिवारचं दुकान, गर्दीची वेळ. गिटार बघायला आलेले दोघे तरुण कंटाळून निघून गेले. एक आई लेकराच्या कानांवर हात ठेवून बाहेर पडली. सूनबाई खोका मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या आणि ओठ घट्ट दाबून जमिनीकडे बघत होत्या.

"मॅडम, जरा आवाज कमी करता का?"

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"मॅडम, हेडफोन देऊ का?"

"तुम्ही लावा," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सुरू झाल्या.

शेवटी आतून मालक आले. टक्कल पडलेले, वैतागलेले, हातात चहाचा कप. त्यांनी ती धून बऱ्याच वेळा ऐकली असावी, कारण आल्या आल्या त्यांनी हात जोडले. "ताई, दुसरं काही वाजवता येत नाही का हो?"

"नाही. एवढंच येतं," बाई म्हणाल्या. "घरी सरावाला पियानो नाही ना माझ्याकडे."

मालकांनी विक्रेत्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, पाटीकडे तर पाहिलंच नाही. वरचा फरक भरून काळा पियानो त्याच दुपारी घरपोच करायचं ठरलं. "आणि यांना जरा सांगून ठेवा," बाई उठताना म्हणाल्या, "गिऱ्हाईक समोर असलं की त्याच्याशीच बोलायचं. त्याच्या नातवंडांशी नाही."

दुपारी हमाल पियानो घेऊन आले आणि विचारू लागले, कुठे ठेवू. कपाट आणि खिडकीच्या मध्ये तो चमकता स्टँड बसलेला. बाईंनी घरभर नजर फिरवली. या घरात कपाट-खिडकी नसलेली, साडेचार फुटांहून लांब अशी एकच भिंत होती, आणि तिला लागून होतं जेवणाचं टेबल. यजमानांनी संसाराच्या सुरुवातीला केलेलं, सहा माणसांचं, अस्सल. याच टेबलावर बाईंनी आजवर सगळ्यांना वाढलं होतं आणि याच टेबलावर बिनआवाजाचा सराव केला होता.

"टेबल गॅलरीत टाका," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी यजमान कारखान्यातून आले. दारातच थबकले. सवयीने हात खिशातल्या टेपेकडे गेला.

"मोजू नका," बाई म्हणाल्या. "तो बसलाय."

"पण आई, जेवायचं कुठे?" चिरंजीवांनी विचारलं. आजवर त्यांना जेवायचं कुठे हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण ताट आपोआप समोर येत होतं.

"साडेतीन फुटांची जागा आहे ना तिथे. चांगली मापात आहे," बाई म्हणाल्या. "बाबांनी स्टँडपण केलाय. तिथे जेवा."

आणि जेवले! कपाट आणि खिडकीच्या मध्ये तीन ताटं खांद्याला खांदा लावून, भिंतीकडे तोंड करून. चिरंजीवांचं कोपर सूनबाईंच्या ताटात, यजमानांचा गुडघा कपाटाला. सूनबाईंना एकदा जोराचं हसू फुटलं, ते त्यांनी पाणी पिऊन दडपलं. बाई जेवायला बसल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. त्या पियानोपुढे जेवणाच्या खुर्चीवर बसल्या आणि वाजवू लागल्या.

चिरंजीवांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मुद्दाम नव्हे. वाईट एवढंच, की मुद्दामसुद्धा नव्हे.

"बंद कर तो," यजमान म्हणाले.

"अहो बाबा, मॅच..."

"बंद कर. ती वाजवतेय."

टीव्ही बंद झाला. यजमान हात धुऊन आले आणि बाईंच्या मागे उभे राहिले. बाईंना ते जाणवलं. टेपेचा करकर आवाजही ऐकू आला.

"पुन्हा आलात मोजायला?" बाई मागे न वळता म्हणाल्या. "एक इंच हलवू देणार नाही, सांगून ठेवते."

"पियानो नाही मोजत. खुर्ची बुटकी पडतेय तुला. खांदे बघ कसे वर गेलेत." ते गुडघ्यावर बसले. पेन्सिल कानामागून काढली, आणि मग थांबले. इतक्या दिवसांत, तीन दुकानांत आणि एका घरात, कुणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला. "कोपर कुठे यायला पाहिजे तुझं?"

बाईंनी पाठ ताठ केली आणि कोपर पट्ट्यांपाशी आणलं.

"पट्टीच्या किंचित वर," त्या म्हणाल्या.

यजमानांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, आकडा तळहातावर लिहिला आणि म्हणाले, "हं. स्टुल करतो. वाजव आता."

बाईंचा राग गेला असं मात्र कुणी समजू नये. टेबल गॅलरीतच राहिलं, आणि स्टुल होईपर्यंत तरी यजमानांना भिंतीकडे तोंड करूनच जेवावं लागलं. बाईंनी पहिल्यापासून धून धरली. पाच सूर चढले, पाच उतरले, दुसऱ्या ओळीत चौथं बोट घसरलं.

"चुकलं का गं तिथे?" यजमानांनी विचारलं.

"चुकले," बाई म्हणाल्या. "मीच चुकले. दुसऱ्याच्या कागदावर नाही, माझ्या वाजवण्यात." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, आवाज होता तेवढाच ठेवून.